‘एनॉर्मस’ शब्दाची हद्द

गेल्या वर्षी शेजारची एक मुलगी आभाराचे पत्र तपासून घ्यायला आमच्याकडे आली. एका ट्रस्टने तिची कॉलेजची फी भरली होती. पत्र इंग्रजीत होते आणि त्यात तिने ‘द एनॉर्मिटी ऑफ युवर हेल्प’ असे लिहिले होते. ‘एनॉर्मस’ म्हणजे प्रचंड, तेव्हा ‘एनॉर्मिटी’ म्हणजे प्रचंडपणा, असा हिशेब करून आम्हीही मान डोलावली. पत्र रवाना झाले. नंतर शंका आली म्हणून शब्दकोश उघडला आणि आम्ही खजील झालो. एनॉर्मिटी म्हणजे घोर दुष्कृत्य! ज्यांनी मदत केली, त्यांच्या मदतीलाच आम्ही पाप ठरवून बसलो होतो.

असे का व्हावे? लॅटिन भाषेत ‘नॉर्मा’ म्हणजे सुतार-गवंड्यांचा गुण्या, काटकोन तपासायचे साधन. ‘नॉर्मल’ हा शब्द त्याच घरातला. त्याला ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग लागून एनॉर्मस झाला, म्हणजे गुण्यात न बसणारा, हद्दीबाहेरचा. सोळाव्या शतकात इंग्रजीत हा शब्द वागणुकीची हद्द सोडणाऱ्यालाही लागत असे. पुढे विशेषण आकारापुरते उरले, नामाने मात्र गुन्ह्याचा अर्थ सोडला नाही. आज कोणी एखाद्या संकटाच्या व्याप्तीलाही एनॉर्मिटी म्हणतात आणि ते चालते. पण उपकाराला तो शब्द लावू नये.

आपल्या घरांत खरे तर हे चटकन समजायला हवे. अरबीत ‘कबीर’ म्हणजे मोठा, आणि ‘कबीरा’ म्हटले की आपल्याला मोठा गुनाहच आठवतो. शिर्क, आईवडिलांची नाफरमानी, खोटी साक्ष. सूरह अन्-निसाच्या ३१व्या आयतीत मोठ्या गुनाहांपासून दूर राहण्याचा उल्लेख आहे. मराठीतही ‘हद्द झाली’ असे आपण जागा मोजताना थोडेच म्हणतो?

आता वापराचे. एनॉर्मसमध्येच ‘फार’ आलेले असते, म्हणून मुले लिहितात तसे ‘व्हेरी एनॉर्मस’ लिहू नये. जोर द्यायचाच तर ‘ॲब्सोल्यूटली एनॉर्मस’ चालते. लाट, इमारत, रक्कम, जबाबदारी, सगळ्यांना हे विशेषण लागते. नुसत्या पसरलेल्या मैदानाला किंवा वाळवंटाला ‘व्हास्ट’ अधिक शोभतो. ‘इमेन्स’चा मूळ अर्थ न मोजलेला, म्हणजे जवळजवळ आपला बेसुमार.

पण थोरवीसाठी एनॉर्मस मुळीच नको. थोर माणसाला ‘ग्रेट’ म्हणावे. ‘एनॉर्मस मॅन’ म्हटले तर त्याच्या देहाविषयी बोलल्यासारखे होते. ‘अल्लाहु अकबर’चे भाषांतर करतानाही इंग्रजीत ‘ग्रेटर’ किंवा ‘ग्रेटेस्ट’च येते. अकबर हे तुलनेचे रूप आहे, ‘अधिक मोठा’ असे. कशाहून, ते मात्र त्यात सांगितलेले नाही. तिथे आकाराचा प्रश्नच उद्भवत नाही.

ट्रस्टच्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्या पत्राबद्दल काही म्हटले नाही. यंदाही फी भरली. मुलीने या वेळी ‘आय ॲम एनॉर्मसली ग्रेटफुल’ असे लिहून आणले. वाक्य बरोबर होते, तरी आम्ही आधी शब्दकोश काढला. ती हसत म्हणाली, ‘‘चाचा, मी घरूनच बघून आले.’’