‘कालच आलोय’ इंग्रजीत का चालत नाही?

जळगावच्या मुलांच्या मुलाखतीत हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘आय हॅव कम्प्लीटेड बीएस्सी इन 2022.’ चूक! साल सांगितलं की ‘हॅव’ गेलं. ‘आय कम्प्लीटेड’ म्हणा.

गोची आपल्या मराठीमुळे होते. ‘मी कालच आलोय’ हे आपल्याकडे अगदी बरोबर. इंग्रजीला मात्र ‘हॅव कम’ आणि ‘यस्टर्डे’ एका वाक्यात खपत नाही. यस्टर्डे, अगो, लास्ट इयर, इन 1990 असा संपलेला काळ आला की साधा भूतकाळच.

आपलं जळगावचं विद्यापीठच घ्या. 1990 साली स्थापन झालं, म्हणून ‘वॉज एस्टॅब्लिश्ड इन 1990’. 2018 पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे आणि आजही आहे, म्हणून ‘हॅज बोर्न हर नेम सिन्स 2018’. ‘इन’ त्या सालाशी थांबतो, ‘सिन्स’ आजपर्यंत येतो.

खरी गंमत ‘धिस’ची. हिवाळा चालू असताना ‘हॅव यू ईटन भरीत धिस विंटर?’ विचारा, कारण अजून संधी आहे. उन्हाळ्यात तोच प्रश्न ‘डिड यू ईट भरीत लास्ट विंटर?’ होतो. ‘धिस मॉर्निंग’चंही तसंच: सकाळी नऊला ‘हॅव यू’, दुपारी चारला ‘डिड यू’.

‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’बरोबर ब्रिटिश लोक सहसा ‘हॅव’ वापरतात. अमेरिकन बिनधास्त ‘आय जस्ट एट’ म्हणतात. त्यावरून भांडू नका, दोन्ही चालतं.

आणि ‘व्हेन’ने विचारताना ‘व्हेन हॅव यू कम?’ नको, ‘व्हेन डिड यू कम?’ विचारा.

अडलेली वाक्यं खाली टाका, बघू या.