गडी बदलण्याची विद्या



पावसाळ्यांत आमच्या कामण गांवांतील मैदानें चिखलानें भरलीं, म्हणजे मुलें घरीं पडद्यावर खेळूं लागतात. परवां माझा नातू असाच अमेरिकन फुटबॉल खेळत होता. प्रत्येक चालीपूर्वीं तो दोनचार गडी बाहेर काढी आणि दुसरे आंत पाठवी. ही लबाडी नव्हे काय, असें मी विचारतांच तो म्हणाला, "नाहीं आजोबा, खरा डाव तोच आहे." त्या डावाचें मर्म आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम घरचें उदाहरण घेऊं. क्रिकेटमध्यें बदली गडी पूर्वीं मुख्यतः क्षेत्ररक्षणापुरता येई. २०२३ सालीं आय. पी. एल. स्पर्धेंत नवा नियम आला आणि सामन्यांत एका खेळाडूच्या जागीं दुसरा पूर्ण अधिकारानें उतरवितां येऊं लागला. त्या वर्षीं ३१ मार्चला अहमदाबादेस चेन्नईच्या संघानें आपली फलंदाजी संपल्यावर अंबाती रायुडूच्या जागीं कल्याणच्या तुषार देशपांडे यास गोलंदाजीसाठीं आणलें. स्पर्धेंतील असा हा पहिला बदल होय.

क्रिकेटमध्यें जें सामन्यांत एकदां, तें अमेरिकन फुटबॉलमध्यें प्रत्येक चालीला. तेथील व्यावसायिक संघांस १९५० पासून हवे तितके बदल करण्याची मोकळीक आहे. मैदानांत मात्र एका बाजूचे गडी अकराच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें; न साधलें, तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. तिसऱ्या प्रयत्नाला एकच यार्ड उरला असेल, तर रेटा देणारे धिप्पाड गडी हवेत; नऊ उरले असतील, तर दूर धांवून चेंडू झेलणारे चपळ गडी हवेत. झेलणारे वाढले, कीं बचाव करणारा संघही मागील रक्षक चारांचे पांच करतो. या रचनेला ‘निकेल’ म्हणतात. पांच सेंटांच्या अमेरिकन नाण्याचें तें नांव.

जॉन मॅडन या नामांकित प्रशिक्षकाच्या नांवाचा संगणकीय खेळ १९८८ सालीं निघाला. पडद्यावरही दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी असलेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. या खेळांत प्रत्येक जागेसाठीं गड्यांची क्रमवार यादी असते. पहिला थकला, कीं यंत्र आपोआप दुसऱ्यास पाठवितें. नवखा त्यावरच विसंबतो आणि ऐन मोक्याला त्याचा उत्तम गडी बाहेर बसलेला असतो. जाणता मात्र कोणत्या रचनेंत कोण हवा, हें अगोदरच ठरवितो.

परंतु यांत एक मेख आहे. आंत कोण आलें, हें प्रतिपक्षालाही दिसतें. धिप्पाड गडी पाठविले, कीं आपला अर्धा बेत उघड झाला. म्हणून नातू कधीं कधीं तेच गडी ठेवून घाईनें पुढची चाल खेळे. मग समोरच्यालाही बदलण्यास सवड मिळत नसे. गडी बदलणें ही जशी युक्ति, तशी न बदलणें हीही युक्तीच.

या सोयीला एक किंमत आहे. ज्याला एकच काम दिलें, तो त्या कामापुरताच उरतो. नव्या नियमामुळें शिवम दुबेसारख्या अष्टपैलूंस गोलंदाजी मिळत नाहीं, अशी तक्रार २०२४ सालीं रोहित शर्मा यांनीं केली, ती याच कारणानें. पडद्यावरच्या गड्यास त्याचें दुःख नाहीं. मीं मात्र शाळेंत प्रत्येक मुलास गणितही शिकविलें आणि कविताही. हा विषय तुझा नव्हे, तूं बाहेर बैस, असें कोणास म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. म्हणून डाव जिंकण्यासाठीं गडी खुशाल बदला. परंतु मूल घडवितांना त्याला चारी प्रयत्न खेळूं द्या.