पायगेचा अमीर: शम्स-उल-उमरा फख्रुद्दीन खान आणि धाराशिवचा मुलूख

धाराशिव जिल्ह्याच्या पूर्वेकडील गुंजोटी आणि लोहारा हे निजामी राजवटीत पायगेचे तालुके होते. म्हणजे तेथील सारा सरकारी खजिन्यात न जाता हैदराबादच्या पायगा अमिरांकडे जात असे, आणि महसूल, पोलीस, न्याय ही कामेही बव्हंशी त्यांचेच कारभारी पाहत. एका लष्करी घराण्याच्या हाती एवढा मुलूख कसा आला आणि तो इतका काळ कसा टिकला, हे समजण्यासाठी त्या घराण्यातील दुसरे शम्स-उल-उमरा, नवाब फख्रुद्दीन खान यांचे चरित्र उपयोगी पडते.

पायगा म्हणजे राजाच्या खास तैनातीतील घोडदळ. फख्रुद्दीन खान यांचे आजोबा अबुल खैर खान हे पहिल्या निजामाच्या सेवेतील सरदार होते, तर वडील अबुल फतेह खान तेगजंग यांच्याकडे दुसऱ्या निजामाने, म्हणजे निजाम अली खानाने, या पायगेचे सेनापतिपद सोपवले आणि त्यांना ‘उमरावांतील सूर्य’ या अर्थाचा ‘शम्स-उल-उमरा’ हा किताब दिला. फौजेच्या खर्चासाठी रोख वेतनाऐवजी गावे नेमून देण्याची तेव्हा रीत होती. सरदाराने त्या गावांच्या उत्पन्नातून स्वार, घोडे आणि दाणावैरण सांभाळायची आणि हुकूम येताच फौजेसह हजर व्हायचे, असा तो करार होता.

1780 च्या सुमारास जन्मलेल्या फख्रुद्दीन खान यांना वडिलांचा वारसा लहान वयातच मिळाला. पुढे निजाम अली खानाची कन्या बशीरुन्निसा बेगम हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि सेनापतीचे घराणे राजाचे सोयरे बनले. याच काळात 1798 आणि 1800 च्या तहांनी निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारल्यामुळे राज्याचे संरक्षण इंग्रजांच्या हाती गेले आणि पायगेच्या स्वारांचे रणांगणावरील महत्त्व ओसरले. गावे मात्र घराण्याकडेच राहिली. तलवारीच्या जोरावर मिळालेले स्थान आता दरबारातील मान, नाते आणि सल्ला यांच्या आधारावर टिकले.

या बदलत्या काळात फख्रुद्दीन खान विद्येकडे वळले, आणि हाच त्यांच्या चरित्राचा सर्वांत उजळ भाग होय. गणित आणि खगोलशास्त्र यांचा त्यांना व्यासंग होता. त्यांनी हैदराबादेत मदरसा काढला, शिळाछापखाना चालवला आणि युरोपीय शास्त्रग्रंथांची उर्दू भाषांतरे करवून घेतली. 1840 च्या सुमारास तयार झालेल्या ‘सित्ता-ए-शम्सिया’ या सहा पुस्तकांच्या मालेत यंत्रशास्त्र, खगोल, पाणी, हवा, प्रकाश आणि वीज या विषयांची ओळख संवादरूपाने, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून करून दिलेली आहे. आधुनिक विज्ञान देशी भाषेत आणण्याच्या भारतातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांत या कार्याची गणना करावी लागते.

1849 मध्ये काही महिने ते राज्याचे दिवाण, म्हणजे मुख्य प्रधान, होते. निजामाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील कंटिन्जंट फौजेची थकबाकी तेव्हा डोईजड झाली होती, आणि एवढ्या अल्प कारकिर्दीत ती फिटणे शक्य नव्हते. अखेर 1853 च्या तहाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर आजच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. तेथे कर्नल मेडोज टेलर यांनी काही वर्षे प्रशासन पाहिले आणि 1860 च्या तहानंतर तो मुलूख निजामाकडे परतला. फौजेचा खर्च जमिनीतून भागवण्याचा पायगेचाच न्याय येथे सबंध राज्याला लागू झाला होता.

फख्रुद्दीन खान 1863 मध्ये निवर्तले. हैदराबादेतील पायगा मकबऱ्यांत, चुन्यातील नाजूक जाळीकामाने मढवलेल्या भिंतींच्या आत, या घराण्याच्या कबरी आहेत. पुढे अस्मानजाह, खुर्शीदजाह आणि विकार-उल-उमरा या त्यांच्या तीन नातवांच्या शाखांत पायगा विभागली गेली. त्यांपैकी अस्मानजाह आणि विकार-उल-उमरा राज्याचे प्रधानमंत्री झाले, तर फलकनुमा महाल विकार-उल-उमरांनी बांधला.

या वैभवाची दुसरी बाजू धाराशिवकडील पायगेच्या कोरडवाहू ज्वारी-तुरीच्या गावांत होती. सारा भरणारी रयत येथे आणि तो खर्च करणारा धनी हैदराबादेत, त्यामुळे गावाच्या पैशातून गावात शाळा किंवा दवाखाना उभा राहण्याची शाश्वती नव्हती. या मुलखातील असंतोष पुढे निजामी राजवटीविरुद्धच्या मुक्तिलढ्यात प्रकटला आणि गुंजोटीचे आर्य समाजी कार्यकर्ते वेदप्रकाश 1938 मध्ये हुतात्मा झाले. निजामी राजवट संपवणाऱ्या भारत सरकारच्या सप्टेंबर 1948 मधील पोलीस कारवाईनंतर, 1949 च्या कायद्याने जहागिऱ्यांबरोबर पायगाही संपल्या. फख्रुद्दीन खान यांच्या विद्याप्रेमाचे मोल या दुसऱ्या बाजूमुळे कमी होत नाही. मात्र त्या ग्रंथांचा, मदरशाचा आणि महालांचा खर्च पायगेच्या गावांतील शेतकऱ्यांच्या साऱ्यातून निघाला होता, म्हणून हैदराबादच्या दरबारी संस्कृतीचा इतिहास लिहिताना या शेतकऱ्यांचा वाटाही नोंदवणे न्यायाचे ठरेल.