परमुलखातला परकेपणा

'गरीब' हा शब्द आपण उर्दूत आणि मराठीत रोज वापरतो. ज्याच्याजवळ पैसा नाही, तो गरीब. परंतु हा शब्द मूळचा अरबी आहे आणि अरबीत त्याचा अर्थ 'परका', 'अनोळखी' असा होतो. उर्दूतील 'गरीब-उल-वतन' या शब्दात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. गरीब-उल-वतन म्हणजे आपल्या देशापासून दूर राहणारा माणूस. त्याच्या खिशात पैसा असेलही, पण त्याला दुसऱ्याच कशाची तरी उणीव भासत असते. ती उणीव कोणती, हे या पाठात आपण पाहू.

१९७३ नंतर खनिज तेलाच्या किमती एकदम वाढल्या. अरबी आखातातील देशांत रस्ते, बंदरे, इस्पितळे आणि इमारती झपाट्याने उभ्या राहू लागल्या. या कामांसाठी भारतातून असंख्य माणसे तिकडे गेली. त्यांत केरळचे लोक खूप होते, तसेच आपल्या रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतलेही होते. आज सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कुवेत, कतार, ओमान आणि बहरीन या सहा देशांत मिळून ८० लाखांहून अधिक भारतीय राहतात. तुमच्यापैकी काहींचे वडील, मामा किंवा भाऊही तेथे असतील.

मुसलमान माणसाला तेथे परके वाटण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. अजान तीच, नमाज तीच, रमजानचे रोजेही तेच. बाजारात हिंदी-उर्दू बोलूनही पुष्कळ कामे भागतात. तरीसुद्धा पहिल्या काही महिन्यांत अनेकांचे मन लागत नाही. असे का होते?

एक साधे उदाहरण घेऊ. अरबांकडे पाहुण्याला बिनकानाच्या लहानशा पेल्यात कॉफी देतात. पेला रिकामा झाला की यजमान तो पुन्हा भरतो. पुरे झाले हे सांगण्यासाठी पेला हातात धरून किंचित हलवायचा असतो. नव्या माणसाला ही खूण माहीत नसते. नको म्हणणे बरे दिसणार नाही, म्हणून तो पीत राहतो आणि यजमान प्रेमाने ओतत राहतो. यात चूक कोणाचीच नाही. एकाला खूण ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही, एवढेच.

आपल्या गावात अशा शेकडो खुणा आपण न शिकताच शिकलेलो असतो. कोणाला 'चाचा' म्हणायचे, कोणाची थट्टा करायची, दुकानदाराशी किती घासाघीस करायची, कोणाच्या घरी न विचारता जायचे, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. परमुलखात या खुणा एकदम नाहीशा होतात. प्रत्येक लहान गोष्ट विचार करून करावी लागते. दिवसभर मन सावध राहते आणि रात्री थकून जाते.

कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानवशास्त्रज्ञाने १९५४ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे दिलेल्या व्याख्यानात या अवस्थेचे वर्णन केले. तिला 'कल्चर शॉक' म्हणजेच सांस्कृतिक धक्का म्हणतात. त्यांनी तिच्या चार पायऱ्या सांगितल्या. प्रथम सारे नवे आणि सुंदर वाटते. मग चिडचिड सुरू होते. तिथले लोक वाईट आणि आपल्याकडचे सर्व चांगले, असे वाटू लागते. त्यानंतर भाषा व रीती हळूहळू कळू लागतात. शेवटी माणूस तेथे रुळतो. पायऱ्या सर्वांच्या बाबतीत अगदी याच क्रमाने येतात असे नाही. परंतु मन उदास झाले म्हणजे आपण दुबळे आहोत असा अर्थ होत नाही, हे त्यावरून समजते.

माणूस रुळला तरी परकेपणा पूर्णपणे जातोच असे नाही. आखाती देशांत राहण्याचा परवाना बहुधा नोकरीशी जोडलेला असतो. नोकरी संपली की बहुतेकांना परतावे लागते. तेथे जन्मलेल्या भारतीयांच्या मुलांनाही केवळ जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. म्हणून पंचवीस वर्षे राहूनही माणूस स्वतःला पाहुणाच समजतो आणि घर बांधतो ते गावाकडे. तिकडे ईद पुष्कळदा एक दिवस आधी येते. तो नवे कपडे घालून घरी फोन करतो, तेव्हा इकडे घरच्यांचा रोजा चालू असतो. सणाच्या दिवशी तो असा एकटा पडतो.

खरी गंमत पुढेच आहे. सुट्टीवर आलेल्या माणसाला गावात भेटेल तो विचारतो, "कधी आलास? परत कधी जाणार?" लहान मुले त्याला बिचकतात. गाव बदललेले असते आणि तोही बदललेला असतो. परत आलेल्यांनाही असाच धक्का बसतो, असे १९६३ साली गुलाहॉर्न पति-पत्नींनी आपल्या लेखात दाखवून दिले. जो तिकडे पाहुणा होता, तो आता आपल्याच घरी पाहुणा होतो.

यावर उपाय काय? जाणाऱ्याने तेथील भाषा आधी शिकावी, एखादा स्थानिक मित्र जोडावा, न समजलेली रीत मोकळेपणाने विचारावी आणि आपल्या चालीरीतींचीही लाज बाळगू नये. काही काम घरच्यांचेही आहे. फोनवर केवळ पैशांची आणि सामानाची बोलणी होऊ नयेत. यंदा आंब्याला मोहर कसा आला, शेजारच्या घरी कोणाचे लग्न ठरले, धाकट्याला गणितात किती गुण मिळाले, हेही त्याला सांगावे. गावाच्या या लहानसहान खबरी कळत राहिल्या, तर परतल्यावर त्याला आपलेच घर अनोळखी वाटणार नाही.