समजून घ्या : हाडांची खरी ‘भरती’ सातवी ते नववीतच! मग पोलीस भरतीच्या सरावात नडगी का दुखते?

अहिल्यानगर : पहाटे साडेपाचच्या सुमारास नगरहून पाथर्डी, कर्जत किंवा श्रीगोंद्याच्या रस्त्याला लागले की मुलामुलींचे घोळके धावताना दिसतात. कुणाची तयारी पोलीस भरतीची, कुणाची अग्निवीरची. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ५० पैकी २० गुण या एकाच धावेचे. त्यामुळे बारावीचा शेवटचा पेपर दिला की बूट घालून थेट डांबरी रस्त्यावर, असा अनेकांचा क्रम असतो. तीन-चार आठवड्यांत नडगी ठणकू लागते. बाम चोळायचा, शेक घ्यायचा आणि पुन्हा धावायचे.

गंमत म्हणजे ज्या धक्क्याने नडगीचे हाड दुखावते, त्याच धक्क्याने ते मजबूतही होते. फरक पडतो तो वय, प्रमाण आणि विश्रांतीमुळे.

धक्क्याने हाड मजबूत कसे होते?

हाड म्हणजे सिमेंटचा खांब नव्हे. जुने हाड खरवडून काढणाऱ्या आणि नवे भरणाऱ्या पेशींचे काम आत सतत सुरू असते. पाय जमिनीवर आपटला की हाड अगदी किंचित वाकते, आतल्या सूक्ष्म नलिकांतील द्रव सरकतो आणि तिथल्या पेशींना ‘इथे भर घाला’ असा इशारा मिळतो. हाड भारानुसार आपली रचना बदलते, हे जर्मन शल्यचिकित्सक ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते.

चालताना जमिनीकडून मिळणारा धक्का शरीराच्या वजनापेक्षा थोडाच जास्त असतो, धावताना तो दोन-तीन पट होतो आणि उंचावरून उडी मारताना त्याहून कितीतरी अधिक. म्हणूनच जलतरणपटू आणि सायकलपटूंचा दम कितीही चांगला असला, तरी त्यांची हाडे जिम्नॅस्ट किंवा उड्या मारणाऱ्या खेळाडूंइतकी घट्ट नसतात.

किती उड्या पुरतात?

फार नाही. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये ६ ते १० वर्षांच्या ८९ मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या मुलांनी सात महिने, आठवड्यातून तीनदा, दोन फूट उंच खोक्यावरून १०० उड्या मारल्या; बाकीच्यांनी फक्त ताणाचे व्यायाम केले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उड्या मारणाऱ्यांच्या खुब्याजवळच्या हाडातील खनिजांची वाढ दुसऱ्या गटापेक्षा ४.५ टक्के जास्त होती.

त्याआधी १९८४ मध्ये पक्ष्यांच्या पंखातील हाडावर झालेल्या प्रयोगात दिवसाला ३६ वेळा दिलेला ताण जितका उपयोगी ठरला, १८०० वेळा दिलेलाही तितकाच. थोड्या वेळाने हाड इशाऱ्याला दाद देईनासे होते आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा ‘ऐकू’ लागते. त्यामुळे सकाळी थोड्या आणि संध्याकाळी थोड्या उड्या मारणे हे एकदम दमछाक करण्यापेक्षा फायद्याचे. लंगडी, खो-खो आणि दोरीवरच्या उड्या या हिशेबात चपखल बसतात. त्यांना ना फी लागते, ना अकॅडमी.

वयाचा काय संबंध?

इथेच खरी मेख आहे. कॅनडातील सॅस्कॅचेवानमध्ये मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतल्यावर दिसले, की प्रौढपणीच्या हाडातील सुमारे २६ टक्के खनिजे अवघ्या दोन वर्षांत जमा होतात. मुलींमध्ये हा वेग साडेबाराव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो, मुलांमध्ये चौदाव्या. फिनलंडमधील टेनिस आणि स्क्वॉशपटू महिलांच्या १९९५ मधील अभ्यासात, पाळी सुरू होण्यापूर्वी किंवा त्या सुमारास खेळू लागलेल्यांच्या खेळत्या हाताच्या हाडांना उशिरा सुरुवात करणाऱ्यांपेक्षा सुमारे दुप्पट लाभ झाल्याचे आढळले.

म्हणजे सातवी ते नववी. नेमक्या याच वर्गांत खेळाचा तास गणिताला दिला जातो आणि संध्याकाळ क्लासला जाते. अठराव्या वर्षी बूट घातले जातात, तेव्हा ती दोन वर्षे मागे पडलेली असतात. त्यानंतरही हाड सुधारते, पण सावकाश.

मग सरावात हाड का चिरते?

सराव अचानक वाढला की शरीर आधी जुने हाड काढते. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. नवे भरायला तीनेक महिने. मधल्या काळात हाड कच्चे असते आणि रोजच्या धावेने त्यात बारीक चीर पडते. हेच स्ट्रेस फ्रॅक्चर. प्रशियाच्या लष्करातील डॉक्टर ब्राइटहाऊप्ट यांनी १८५५ मध्येच सैनिकांच्या दुखऱ्या पायांची नोंद केली होती.

मुलींना धोका अधिक. धाव वाढते, जेवण तेवढेच राहते आणि पाळी अनियमित होते किंवा थांबते. ‘सरावामुळे होतं असं’ म्हणून ते सोडून देऊ नये. हाडांना इंधन कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. अमेरिकी नौदलात भरती झालेल्या महिलांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चरचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे २००८ मध्ये दिसून आले. किशोरवयात दिवसाला साधारण १००० मिलीग्रॅम कॅल्शियम लागते. दोन पेले दुधातून जवळपास निम्मे मिळते. पण दुधासाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात अनेक घरांतले दूध पहाटेच डेअरीला जाते.

दुखणे ओळखायचे कसे?

नडगीभर पसरलेले आणि धावल्यावर कमी होणारे दुखणे बहुधा स्नायूंचे किंवा हाडावरच्या आवरणाचे असते. एका बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, एका पायावर लंगडी घालताना ती वाढत असेल किंवा रात्रीही ठणकत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सुरुवातीचे काही आठवडे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा काहीच दिसत नाही, एमआरआय करावा लागतो. चीर निघाली तर साधारण सहा ते आठ आठवडे धाव बंद, मैदानी चाचणीची तारीख कितीही जवळ आली असली तरी.