कलिंगड-खरबुजाची गोडी : वाण आणि तोडणी

सभासद बंधूंनो, 1960 नंतर कारखाने आले तशी चिंचवड भागातली शेती गुंठ्यांवर आली. जानेवारीत खोडवा तुटून रान मोकळे झाले, की कलिंगड-खरबुजाचा विचार जरूर करावा. पिंपरीची मंडई दाराशीच आहे. पण वाण कोणता?

ऊस तपासायचा हॅण्ड रिफ्रॅक्टोमीटर इथेही चालतो. उसाचा बुडखा गोड, शेंडा अळणी. तसा कलिंगडाचा गाभा गोड, सालीकडे अळणी. म्हणून रसाचा थेंब गाभ्याचाच घ्यावा. शुगर बेबी काळपट हिरवे, 3 ते 5 किलोचे, ब्रिक्स 11 ते 13. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का माणिक पट्ट्यांचे, सरासरी 6 किलोचे. ब्रिक्स 12 ते 15, शिवाय भुरी-केवड्याला सहसा दाद देत नाही. मंडईसाठी माझे मत त्यालाच. खरबुजात अर्का जीत 15 ते 17 ब्रिक्सचे, म्हणजे उसाच्या रसाच्या जवळ गेले की! पण फळ 300 ते 500 ग्रॅमचे, आणि व्यापारी बघतो वजन. ते घरच्या पोरांसाठी चार वेल लावा. विक्रीला टणक गराचे अर्का राजहंस बरे.

चांगल्या वाणाची माती होते ती घाईच्या तोडणीने. तोडलेले कलिंगड पुढे गोड होत नाही. देठाजवळची बाळी वाळली, जमिनीला टेकलेला भाग पिवळसर झाला, वाजवल्यावर ‘बदबद’ आवाज आला, मगच तोडा. खरबूज वासावरून कळते, देठही आपसूक सुटतो. तोडणीआधी पाणी कमी करावे, नाहीतर फळ तडकते, पाणचट लागते.

पहिले फळ गट ऑफिसात घेऊन या, ब्रिक्स बघून देऊ. फोड मात्र आम्हीही खाणार!