आजोबांची रायफल आणि काडतुसाचा प्रश्न

शिरढोण म्हटले की आपल्याकडच्या ऊसकऱ्याला शिरोळ तालुक्यातले शिरढोण आठवते. परंतु दुसरे एक शिरढोण पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला, कर्नाळ्याच्या अलीकडे आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच गावी झाला. गाळप हंगाम आटोपल्यावर काही सभासदांसमवेत कोकणात गेलो असता आम्ही तेथे मुद्दाम थांबलो.

फडक्यांच्या वाड्यासमोर बंदुकीचा विषय निघाला नसता तरच नवल. आमच्यातले एक वयोवृद्ध सभासद हळूच म्हणाले, "साहेब, आमच्या आज्याची रायफल हाय घरात. तीनशे पंधरा बोअर. कुंदा तडकलाय, नळीतलं पेच झिजल्यात. नातवंडं म्हंत्यात, नीट करून नेमबाजी शिकू. दुकानदार म्हंतो नळी बदला, मोठं काडतूस घाला. गावातला एक कारागीर म्हंतो, मी स्वस्तात करून देतो. काय करावं?"

प्रश्न एका घरचा असला तरी पीक राखण्यासाठी परवाना घेतलेली हत्यारे आपल्या बऱ्याच घरांत आहेत. म्हणून परतल्यावर माहिती घेतली, ती येथे देत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, आपल्या देशात काडतुसाची निवड नुसत्या आवडीने कधीच झालेली नाही. हत्याराला सरकारी परवाना हवा, हा नियम देशभर पक्का झाला तो लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ च्या कायद्याने. त्यातून युरोपियनांना सूट होती, आपल्या लोकांना नव्हती. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, पुण्याच्या लष्करी कचेरीत नोकरी केलेल्या फडक्यांनी रामोशी व इतर साथीदारांना घेऊन बंड उभारले.

पुढे १९०७ च्या सुमारास सरकारने ४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात खासगी वापरास बंद केल्या. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना लागणारा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल, ही धास्ती. तेव्हा विलायती कारखानदारांनी ४६५, ४७० अशी नवी काडतुसे काढली. लष्कराची ३०३ सामान्य माणसाला मना होती, म्हणून तशाच बांधणीची पण ३१५ बोअरची रायफल शिकाऱ्यांसाठी आली. स्वातंत्र्यानंतर तीच बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यात होऊ लागली आणि आपल्या वाडवडिलांच्या खांद्यावर आली.

आता मूळ प्रश्न. नळी बदलायचीच, तर काडतूस कोणते?

पहिला मार्ग मोठ्या काडतुसाचा, म्हणजे ३०-०६ चा. हे अमेरिकन लष्कराने १९०६ साली घेतलेले काडतूस. त्याचा दाब ३१५ पेक्षा जास्त. इशापूरच्या ३१५ ची बांधणी जुन्या ली-एनफिल्ड धर्तीची आहे. बोल्ट अडकवणारे खुंटे मागच्या बाजूस असतात, व ती ताकद तिच्या मूळ काडतुसापुरती असते. बैलगाडीच्या साट्याला ट्रॅक्टरचे इंजिन जोडण्यापैकी हा प्रकार. बिघडले तर बोल्ट नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो.

येथे आणखी एक फसगत होते. ३१५ ला आपल्याकडे ८ मिलिमीटर असेही म्हणतात. परंतु ८ मिलिमीटर माउझर हे काडतूस निराळे. ३१५ च्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, माउझरला ती नसते. लांबी वेगळी, दाबही वेगळा. तेव्हा नुसता आकडा पाहून काडतूस घेऊ नये. नळीवरचा छाप, परवान्यावरची नोंद आणि काडतुसाचे बूड, तिन्ही जुळली पाहिजेत.

दुसरा मार्ग .२२ चा. याची गोळी साधारण ४० ग्रेनची, तर ३१५ ची २४४ ग्रेनची, म्हणजे सहापट जड. धक्का नाही, आवाज कमी, शिकणाऱ्याला सोयीचे. पण .२२ मध्ये ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेत असतो, ३१५ मध्ये बुडाच्या मधोमध टोपी असते. त्यामुळे नळीबरोबर बोल्टही बदलावा लागतो. एवढे केल्यावर आजोबांची म्हणून काय उरले? शिवाय .२२ ची गोळीदेखील दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. उसाच्या फडात कोण आहे, हे बांधावरून दिसत नसते.

तिसरा मार्ग आम्हास पटला. रायफल ३१५ च ठेवावी. परवानाधारक कारागिराकडून तपासून कुंदा दुरुस्त करावा. नळी निकामी ठरली, तर त्याच बोअरची, रीतसर मंजुरीने बसवावी. हत्याराची दुरुस्ती, रूपांतर वा नळी आखूड करणे यांस १९५९ च्या कायद्याने परवाना लागतो. गावातला कारागीर पैसे वाचवील, पण गुन्हा दोघांवर येईल.

कागदपत्रांबाबत दोन गोष्टी सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसास दोनच हत्यारे ठेवता येतात, म्हणून नवी .२२ घेण्याआधी घरातली मोजावीत. आणि २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाचे वय ७० झाले, किंवा हत्यार २५ वर्षे त्याच्याकडे असले, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. मागाहून भावाभावांत तंटा होण्यापेक्षा हे बरे.

शिकारीचा विचार मात्र मनातून काढावा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो काळ संपला. रानडुकराने ऊस मोडला तर वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करावा. परवानगीवाचून गोळी झाडू नये.

मग नातवंडांनी शिकायचे कसे? त्याचे उत्तर पनवेलातच मिळाले. अथेन्स ऑलिम्पिकची (२००४) अंतिम फेरी गाठलेल्या सुमा शिरूर यांनी तेथे नेमबाजीचे प्रशिक्षण केंद्र उभे केले आहे. त्यांचा स्वतःचा प्रकार १० मीटर एअर रायफलचा. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपर्यंत जोराच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि तिला काडतूसच नसते, फक्त छर्रा. तेथून पुढे क्लबात, देखरेखीखाली .२२. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ऑलिम्पिक कांस्यपदक मिळविले, ते .२२ नेच, ५० मीटरवर.

हे सर्व आम्ही त्या सभासदांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आज्याची रायफल आज्याचीच ऱ्हाऊ द्यायची, आन् पोरास्नी छर्ऱ्याची घ्यायची."

सभासद बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर आपला परवाना काढून पाहा. नूतनीकरणाची तारीख उलटली असेल, तर काडतुसाचा विचार नंतर, अर्ज आधी.